कोळवणला पोचलेले गुलाब

न्हाई, पर तुमीच सांगा, सख्ख्या मेव्हण्यावर इश्वास ठेवायचा न्हाई तर मग काय येष्टीच्या टपावर ठेवायचा? तुमाला सांगतो, फुलं पोचली! त्याच दिवशी पोचली! त्याबद्दल माजी तक्रारच न्हाई! पर कुटं पोचली, ते इचारा की!

आमची जया रुसून माहेरी, कोळवणला. का? तर मी पुण्यात कारखान्यात, ती आमच्या गावी रिह्यात माज्या आईपाशी, आन् "फुडच्या म्हैन्यात तुला पुण्याला नेतो" ह्या माज्या वाक्याला दोन वर्सं झालेली! शेवटी तिनं भावाकडनं निरोप धाडला. हा भिवाजी आला, माज्या ताटात जेवला, आन् मिशा पुसत म्हनतो, "दाजी, बुधवारी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू हाय. ताई म्हनली, तुमी या, न्हाईतर तुमच्या हातचं काय तरी येऊ द्या. चार बायांत मान वर करता आली पायजे. न्हाईतर मी नांदाया येत न्हाई."

रजा मागितली, तर फोरमन म्हनतो, "हैबतराव, हळदीकुंकवाला तू जाऊन काय करणार? वाण लुटणार?"... आता ह्याला काय बोलायचं? बुधवारी पहाटं मंडई गाठली. गुलाब घेतले! लालभडक, परडी भरून! वर वला फडका. येष्टीचे कंडक्टर महंमदभाई वळखीचे, त्यांना म्हनलं, "भाई, आजच्या आज पोचली पायजेत, न्हाईतर मी बिनबायकोचा!" त्या मानसानं तिकिटं कापता कापता पौडापतूर फडक्यावर पानी शिंपडलं वो! पौडाच्या स्टँडावर भिवाजी सायकल घिऊन हुबा. भाईंनी त्याला परडी दिली, वर बजावलं, "ताईच्याच हातात दे." परका मानूस एवढं जपतो, आन् घरचा...!

ऐतवारी मी कोळवणला. केसांना तेल, डोक्याला नवा पटका, छाती ही एवढी! सासूबाई तुळजाबाई दारातच, "आलात व्हय?" जया चुलीपाशी, पाठ करून. म्हनलं, लाजली असंल! हळूच इचारलं, "काय, फुलं कशी वाटली?"

"कंची फुलं?"

आन् भिवाजी? भिवाजी आढ्याकडं बघतोय! जनू आढ्याला गुलाब लागल्यात!

"बोल की रं!"

"दाजी... त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या कचेरीचं उद्घाटन. सायबाची जीप आली, आन् हाराचा पत्ता न्हाई. सरपंच कुशाबा माज्या सायकलीला आडवा झाला, परडी घेतली आन् हुब्या हुब्या हार ववून घेतला. गावाच्या अब्रूचा प्रश्न हुता, दाजी!"

"आन् माज्या संसाराचा?"

"त्ये बी डोक्यात हुतं... पर सायेब फुड्यात हुते."

ऐकलंत? फुलं पोचली! त्याच दिवशी पोचली! सायबाच्या गळ्यात पोचली! आन् थांबा, हार घातला कुनी? हळदीकुंकवाला घरी जमलेल्या बाया कचेरीपाशी बलावल्या, त्यांतनं सरपंचानं कुनाला फुडं केलं? आमच्या जयाला! गुलाब माजे, बायको माजी, आन् मान त्या सायबाची!

जया वळली. माज्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं. "म्हंजी ती समदी... माजी हुती?" डोळ्यांत पानी. "अवो, हार घालताना मी मनात म्हनत हुते, परक्या मानसापायी गाव एवढी फुलं आनतं, आन् आमच्या मानसाला एक गुलाब सुचला न्हाई!" आन् मंग उलथनं उचलून जी भिवाजीमागं धावली, पार वढ्यापतूर!

मला वाटलं, मिटलं! गाठोडं बांधंल! कुटलं वो? परत आली, दम खात म्हनते कशी, "मला काय फुलं पोचली न्हाईत. फुडच्या ऐतवारी आना. सोता आना. मांडीवर धरून आना. मंग बघू."

आता बोला! फुलं पोचली, त्याच दिवशी पोचली, आन् न्हाईच पोचली!

तर काय करता? फुडच्या ऐतवारी बसलो की येष्टीत, मांडीवर परडी धरून, तोंड उतरलेलं. माजा अवतार बघून कुनी इडी इझवली, कुनी सरकून खिडकी दिली. शेजारच्या शीटवरची म्हातारी पदर डोळ्याला लावून हळूच म्हनते, "कोन गेलं वो, बाबा?"

म्हनलं, "मीच, आज्जे!"