हसनभाई काही बोलले नाहीत

मंडळी, काल संध्याकाळी शोध थांबला. हे मला हसनभाईंनी सांगितलं. शेवटपर्यंत समुद्रात होती ती त्यांचीच होडी. आपला दामू तांडेल सापडलेला नाही. आता सापडेल, असं पूर्णगडात कुणी म्हणत नाही.

तुम्ही सगळे आलात. मला बोलायला उभं केलंत, कारण मी पेपरात लिहितो. कितीतरी माणसांवर मी तासाभरात मजकूर दिला आहे. दामूवर चार ओळी होत नाहीत.

एकदा त्याच्या होडीवर गेलो होतो. मध्येच त्यानं इंजिन बंद केलं, वल्हं पाण्यात उभं सोडलं आणि वरच्या टोकाला कान लावला. ढोमा मासा पाण्याखाली आवाज करतो, तो असा ऐकायचा. मी विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"तूच येतोयस! गप ऱ्हा जरा. पेपरवाल्यांना गप बसायचा पगार नाय काय?"

खलाशी हसले. मग सगळेच गप्प झाले. मला काहीच ऐकू आलं नाही. त्याला आलं.

मंडळी, त्याची होडी उलटली तेव्हापासून आपण त्याच्या घरी, सुमनवहिनींकडे जातोय. आणि बोलतोय. धीर धरा. दामू पट्टीचा पोहणारा. लागला असेल कुठल्यातरी किनाऱ्याला. मीही बोललो. गप्प बसायची आपल्याला भीती वाटते. गप्प बसलं की ते खरं होतं.

काल हसनभाई ओटीवर येऊन बसले. काही बोलले नाहीत. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं, आणि पहिल्यांदाच रडल्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अगो, आशा सोडू नको."

वहिनी म्हणाल्या, "ती तुमची तुमच्या घरी न्या. माझ्या घरात पुरे झाली."

यावर मी काय बोलू? बोलण्यानं दामू यायचा असता, तर एव्हाना दहादा आला असता. गप्प बसूनही येणार नाही. पण आपल्या शब्दांना मान डोलवत बसायची शिक्षा वहिनींना कशाला?

त्या इथे पुढेच बसल्या आहेत. त्या उठेपर्यंत आपणही असेच बसू. कुणी काही बोलू नये.

देह नसला की दर्भाचा पुतळा करतात. उद्या सकाळी ओहोटीला, पुळणीवर, त्याला अग्नी द्यायचा आहे. जाळायला दुसरं काही समुद्रानं ठेवलेलं नाही.