मोर्शीचे संत्रे अन् आमची चिंगी

मांजर पाळाची असंल ना बाई, त माहेर संत्र्याच्या मुलखातलं नसावं. थकून गेली मी.

आमची चिंगी दिवसभर सोफ्यावर नखं घासे. रागावून पाहिलं, हाकलून पाहिलं. शेवटी मी सोफ्यावर संत्र्याच्या साली ठेवल्या. मांजरीले तो वास बिलकुल सोसत नाही. तवापासून संत्र्याचा वास आला, की ती शिंकते अन् खोलीतून निघून जाते.

परवा मोर्शीवरून माहे बाबा आले. सीधे बगिच्यातून, हातात संत्र्याची थैली. चिंगी आमच्या ह्यांच्या मांडीवर झोपून होती. बाबा बाजूले बसले, तशी ती शिंकली अन् उतरून चालली गेली.

"काहून गेली वं?"

"तुमच्या हाताले संत्र्याचा वास येते, बाबा."

बिचारे उठले, साबण लावून हात धुऊन आले. चिंगीनं दारातून डोकावलं, पुन्हा शिंकली, पुन्हा गेली.

मी म्हटलं, "मनाले लावून घेऊ नका, बाबा. तिचा स्वभावच तसा हाय."

तेवढ्यात आमचे हे उठले. मांडी मोकळी झाली होती ना! "जरा फोन आला," म्हणून तेबी बाहेर. बाबा आले की ह्यांले फोन येतेच. वाजलेला मी आजवर आयकला नाही.

बाबांनी शांतपणे हात पुसले.

"मांजरीचं मले वाईट नाही वाटत, पोरी. ती निदान शिंकून तरी जाते."