लाल पट्टीच्या गाईचा चीक

जबाब
बर दुबई पोलीस ठाणे, शुक्रवार दि. २ मार्च २००१, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

नाव : केरू सावळेराम भांगरे
वय : पासपोर्टप्रमाणे ४१, आईच्या सांगण्याप्रमाणे ४४
धंदा : डेअरीत गाईंचे दूध काढणे
पत्ता : डेअरीची लेबर खोली नं. ४, धैदचा रस्ता, शारजा. मूळ राहणार ता. अकोले, जि. अहमदनगर

मी समक्ष हजर होऊन, कोणी बोलावलेले नसताना, सांगतो की, मला हिंदी येते, पण घाबरलो की येत नाही. म्हणून साहेबांनी टायपिंग सेंटरमधले दुभाषी राजाभाऊ यांना बोलावले. मी मराठीत सांगत आहे, ते मराठीत लिहून घेत आहेत, नंतर अरबी करणार आहेत. काही गाळू नये असे मी त्यांना सांगितले आहे.

डेअरीच्या मालकाचे नाव वेगळ्या कागदावर दिले आहे. तिथे तीनशे ऐंशी गाई आहेत. मी नऊ वर्षे कामाला आहे. सड धुणे, मशीन लावणे आणि व्यायलेल्या गाईचे पहिले चार दिवस बघणे ही माझी कामे. त्या चार दिवसांत गाय चीक देते. तो दुधाच्या टाकीत कधीच जात नाही. बादलीत वेगळा काढायचा, वासराला लागेल तेवढा पाजायचा आणि उरलेला गटारात ओतायचा असा तिथला नियम आहे. आमच्याकडे चीक ओतणाऱ्याला कोणी दारात उभे करणार नाही. मी नऊ वर्षे ओतत आहे.

दर शुक्रवारी मी शेअर टॅक्सीने बर दुबईला देवळाच्या गल्लीत येतो. तिथे दिवाळीच्या सुमारास मला आशाताई भेटल्या. आडनाव माहीत नाही. वय पन्नाशीचे. नवरा सोमनाथ ऑफिसात आहे. हारवाल्याशी मी मोसंबीएवढा झेंडूचा गेंद नको म्हणून वाद घालत होतो, ते ऐकून त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही नगरचे का?" तेव्हापासून ओळख. घर कुठे ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. बाईमाणसाला पत्ता विचारत नाहीत.

जानेवारीत त्यांनी सांगितले की त्यांची सून मृणालिनी हिला पाचवा चालू आहे आणि तिला खरवसाचे डोहाळे लागले आहेत. सुपरमार्केटातले पाकिटातले पावडरीचे करून दिले, तर तिने चमचा खाली ठेवला. मी म्हणालो, "पोरीला नाही म्हणू नका. माझ्याकडे गाय व्यायची आहे." त्यांनी पन्नास दिरहॅम, म्हणजे सहाशे रुपयांच्या वर, पुढे केले. मी रागावलो. चिकाचे पैसे घेत नाहीत.

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की मला एक मुलगी आहे. ती झाली तेव्हा मी इथे होतो. बायकोला काय खावेसे वाटते ते तिने पत्रात लिहिले होते. पत्र हातात पडले तोवर मुलगी झाली होती.

दि. १७ फेब्रुवारी, शनिवारी, तीन नंबरच्या गोठ्यातल्या बासष्ट गाईंच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधली. सुपरवायझर हिंदीत म्हणाला, "लाल पट्टीवाला दूध टाकी में नहीं जाएगा. यल्ला, काम करो." का ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. औषध टोचलेल्या गाईलाही पट्टी बांधतात, पण ती पिवळी. लाल कधी पाहिली नव्हती. तिथे रोज नवा हुकूम निघतो. मागे एकदा गाईंना गाणी लावा म्हणून हुकूम होता, तो आठ दिवस टिकला.

त्या बासष्टमध्ये दोनशे बारा नंबरची गाय होती. मी तिला गौरी म्हणतो. ती बुधवारी, २१ तारखेला पहाटे व्याली. गुरुवारी संध्याकाळचा दोन लिटर चीक मी कडीच्या डब्यात काढला, बर्फात ठेवला आणि शुक्रवारी २३ तारखेला सकाळी देवळाच्या गल्लीत आशाताईंच्या हातात दिला. पायाला लाल पट्टी होती हे मला दिसत होते. हुकूम टाकीचा होता. चीक टाकीत जातच नाही. म्हणून मी हुकूम मोडला असे मला तेव्हा वाटले नाही आणि आता काय वाटावे ते समजत नाही.

रविवारी, २५ तारखेला, आमच्या लॅबच्या समिधा मॅडम गोठ्यात आल्या. त्या पुण्याच्या, वय पंचविसेक, कधी खोटे बोलत नाहीत. मी विचारले तेव्हा त्यांनी कारण सांगितले. बाहेर देशाहून आलेल्या सुक्या घासाच्या एका खेपेत तण मारायच्या औषधाचा अंश ठरवून दिलेल्या हद्दीपेक्षा जास्त निघाला. तो घास या बासष्ट गाईंनी खाल्ला होता. आमचे बोलणे झाले ते असे :

मी म्हणालो, "म्हणजे गाईंच्या पोटात विष गेलं."

त्या म्हणाल्या, "तसं नाही, केरूमामा. हद्द म्हणजे मरणाची रेघ नव्हे. शेतकऱ्यानं औषध ठरल्यापेक्षा जास्त मारलं, नाहीतर कापणीच्या फार जवळ मारलं, एवढंच त्यावरून कळतं."

"मग दूध का ओततो आपण?"

"टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत खबरदारी. दुधाला हद्द वेगळी असते. घासाचा आकडा मोठा, दुधाचा शून्यापुढे टिंब देऊन."

"गाय घासच खाते ना मॅडम? मग तिला एक हद्द आणि तिच्या दुधाला दुसरी कशी?"

त्यांनी पुष्कळ समजावले. मला तेव्हा समजले होते, खोलीवर जाईपर्यंत गेले. शिवाय ते सगळेच दूध ओतत नव्हते. त्यातले वासरांना पाजत होते. वासरांचे काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, वासरांबद्दल कागदात काही लिहिलेले नाही. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. चिकाचा डबा मी कुणाला दिला हे मी त्यांना तेव्हा सांगितले नाही. नोकरी जाईल म्हणून नव्हे. मी बादल्या उचलून धुवायला गेलो.

आठवडाभर मला सुट्टी मिळाली नाही. फोन नंबर नव्हता. आज सकाळी आठ वाजता मी देवळाच्या गल्लीत येऊन उभा राहिलो. आशाताई शुक्रवार चुकवत नाहीत. दहा वाजता आल्या नाहीत, बारा वाजता आल्या नाहीत. हारवाल्याला त्यांचे घर माहीत आहे, पण तो म्हणाला, "गिऱ्हाइकाचा पत्ता मी कुणाला देत नाही." दोन वाजता माझी खात्री झाली की त्या इस्पितळात आहेत, आणि का आहेत हेही मला माहीत होते. मी मीना बाजारातल्या सात कापडदुकानांत त्यांचा पत्ता विचारला. मग इथे आलो.

इथे बाहेरच्या टेबलावर मी म्हणालो की मी एका गरोदर बाईला विष दिले आहे, तिला शोधा. तेव्हा अहमद साहेबांनी मला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "कौन मर गया?" मी म्हणालो, माहीत नाही. "तक्रार कोणाची?" मी म्हणालो, माझी. "कोणावर?" मी म्हणालो, माझ्यावर. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ईद तीन दिवसांवर आली आहे आणि त्यांना घरी जायचे होते, हे मला कळत होते. राजाभाऊ आल्यावर मला बाजूला म्हणाले, "अहो, कोणी विचारलं नव्हतं. आपल्या हातानं पायावर धोंडा कशाला पाडून घेता?" हे त्यांनी लिहायचे टाळले होते. मी लिहायला लावले.

साहेबांनी माझ्यासमोर समिधा मॅडमना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता. चिकाचे ऐकून मॅडमनी तो किती तारखेचा ते विचारले. मग म्हणाल्या की दुधाचा रिपोर्ट काल आला, दुधात काही सापडले नाही. साहेब म्हणाले, "खलास, सब ठीक." मी विचारले, "आणि चिकात?" त्या म्हणाल्या, "चीक तपासलेला नाही. हद्दींच्या तक्त्यात दुधाची ओळ आहे, मटणाची आहे, चरबीची आहे, अंड्याची आहे. चिकाची ओळच नाही. माझ्या मते काळजीचं कारण नाही, मामा."

मी म्हणालो, "तसं लिहून द्या."

त्या म्हणाल्या, "ते मला देता येणार नाही."

साहेबांनी मला विचारले की मग विष आहे की नाही. मी म्हणालो, हेच विचारायला मी आलो आहे. साहेबांनी एका शिपायाला देवळाच्या गल्लीत हारवाल्याकडे पाठवले.

(४ वाजून ५० मिनिटांनी जबाब थांबवला. ५ वाजून ४५ मिनिटांनी पुढे सुरू.)

मी पुढे सांगतो की, हारवाल्याने पोलिसांना पत्ता लगेच दिला. सव्वापाच वाजता आशाताई आणि त्यांचे मिस्टर सोमनाथ इथे आले. आशाताई जरीच्या साडीत होत्या, केसांत गजरा होता. आज त्यांच्या घरी मृणालिनीचे डोहाळजेवण होते, म्हणून त्या देवळात आल्या नव्हत्या. सूनबाईला सातवा लागला आहे. ती बरी आहे. हे ऐकून मी खाली बसलो. खुर्ची होती, पण मी खाली बसलो.

आशाताईंना अजून काही माहीत नव्हते. माझ्या हातात बेड्या नाहीत हे बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुम्हाला पकडलं म्हणून धावत आले. तुमचा डबा पण आणलाय." चीक त्यांनी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला होता आणि आज सकाळी खरवस केला. अकरा बायका जेवायला होत्या. प्रत्येकीला एक वडी, मृणालिनीला दोन. मी आठवडाभर एका बाईची काळजी करत होतो. आता बारा झाल्या.

डब्यात मूठभर तांदूळ होते, कारण डबा रिकामा परत देत नाहीत. तांदळावर फॉइलमध्ये गुंडाळलेली एक वडी होती. त्या म्हणाल्या, "देणाऱ्याच्या तोंडात पडल्याशिवाय खरवस पुरा होत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. तुमच्या वाटणीची ठेवली होती."

मग राजाभाऊंनी त्यांना सगळे सांगितले. घासाचे, पट्टीचे, तक्त्यात ओळ नसल्याचे. सोमनाथराव इंग्रजीत साहेबांशी जोरात बोलू लागले. आशाताईंनी गजरा काढून हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

साहेब म्हणाले, वडी हा मुद्देमाल आहे, ती लॅबला पाठवू, पंधरा-वीस दिवसांत आकडा येईल. हे योग्यच होते. मी फक्त एवढे विचारले की आकडा आला, तर तो कोणत्या हद्दीशी ताडून बघणार. आशाताई हळूच म्हणाल्या, "वीस दिवस मी त्या पोरीला तोंड कसं दाखवू? तिला काय सांगू?"

यानंतर घडले ते मी कबूल करतो. वडी टेबलावर होती. साहेब पाकीट आणायला वळले तेव्हा मी ती उचलली आणि खाल्ली. एका घासात नाही, तीन घासांत. शिपायाने हात धरला, पण तोवर दोन घास गेले होते, तिसरा तोंडात होता. राजाभाऊ ओरडले, "अहो, तो पुरावा आहे!" वडी चांगली झाली होती. वेलदोडा किंचित जास्त होता.

पुरावा का नष्ट केला असे मला विचारण्यात आले. मी सांगतो की मला पुरावा नष्ट करायचा नव्हता. वडी तपासायला हवी होती हे मला मान्य आहे, आणि समिधा मॅडम माझ्यावर चिडतील हेही मान्य आहे. पण आशाताई घरी जाऊन सुनेला काहीतरी सांगणार. मॅडम लिहून देत नाहीत, साहेबांना कळत नाही, तक्त्यात ओळ नाही. आता त्या निदान एवढे सांगू शकतील की ज्याने दिले त्या मामाने सगळे माहीत असून आपल्या डोळ्यांसमोर खाल्ले. पोरीच्या पोटात जे आहे तेच माझ्या पोटात आहे. मला दुसरे काही देता येत नव्हते. माझ्या खाण्याने काही सिद्ध होत नाही असे राजाभाऊ म्हणाले, तेही मला मान्य आहे.

आशाताई रडल्या. जाताना त्यांनी तांदळासकट डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बारशाला यायचं." हे त्या रागाने म्हणाल्या की कसे, ते मला ओळखता आले नाही. सोमनाथरावांनी तक्रार द्यायची की नाही ते उद्या सांगतो म्हटले आहे. त्यांचा फोन नंबर साहेबांनी लिहून घेतला आहे.

डेअरीविरुद्ध माझी तक्रार आहे का असे विचारले. माझी एकच विनंती आहे की वासरांना ते दूध पाजणे थांबवावे, कागदात असो वा नसो. मी बोलावले तेव्हा हजर राहीन. पासपोर्ट मालकाकडे असतो, त्यामुळे मी कुठे जाणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. मी आज खोलीवर जाऊन झोपणार आहे. साहेबांनी सकाळी खोलीवर चौकशी करावी आणि मला काही झाले नाही तर आठच्या आत त्या नंबरवर आशाताईंना फोन करून कळवावे. झाले तर कळवू नये.

वरील जबाब राजाभाऊंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचायला लावली. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. मला सही येते, पण हात चिकट होता म्हणून अंगठा दिला आहे.

(डाव्या हाताचा अंगठा)
केरू सावळेराम भांगरे