जमाखर्चाचं गाऱ्हाणं

धाकू : मोठ्यानं बोल की! गोठ्यातली म्हस तुझ्यापेक्षा बरी ऐकू येते.

आत्माराम : बाबा, उद्या परीक्षाय. रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांसमोर उभं राहून दुकानाचा अख्खा जमाखर्च तोंडी समजावून द्यायचा. मास्तर म्हणतात, ज्याला हिशेब बोलता येत नाही त्याला पेढीवर कोण ठेवील?

धाकू : नि नाय ठेवला तर?

आत्माराम : मग मुंबईची बोट. दादासारखी गिरणी.

धाकू : तो एक गेला तो शिमग्याला पण येत नाय. आता तू? बोल मेल्या, बोल!

आत्माराम : माणसं बघितली की दातखीळ बसते माझी. तुमचं बरंय, देवळात गावासमोर देवाला खणखणीत गाऱ्हाणं घालता.

धाकू : मी माणसांकडं बघतो कुठं? देवाकडं बघायचं. माणसं मागं उभी, ती नुसती 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तू पण तसंच कर.

(दुसऱ्या दिवशी, तिन्हीसांजेला, ओटीवर.)

धाकू : काय रे, तोंड असं का?

आत्माराम : तुमचं ऐकलं नि फजिती झाली! भिंतीवरच्या गणपतीकडे तोंड करून उभा राहिलो.

धाकू : म्हणजे शेटलोकांकडं पाठ?

आत्माराम : तुम्हीच सांगितलंत ना! तोंड उघडलं तर 'बा देवा म्हाराजा'च बाहेर पडलं, नि मग थांबेचना. 'जो माल आला, जो गेला, त्याचा मेळ घालून तुझ्या पायाशी ठेवलाय...' तर मागून, 'व्हय म्हाराजा!'

धाकू : कोण, शेट?

आत्माराम : सगळे! 'तूट आली ती गोड मानून घे.' 'व्हय म्हाराजा!' 'उधारी बुडवणाऱ्यांना सुबुद्धी दे' म्हटलं, तेव्हा तर कौलं हादरली.

धाकू : नि मास्तर?

आत्माराम : कपाळाला हात लावून बसले. पण पालीचे महिपतशेट म्हणाले, हिशेब एवढा उघड कुणी मांडला नाही. ह्याला मी ठेवतो, नि उधारीवाल्यांच्या दारात उभा करतो.

धाकू : म्हणजे... बोट नाय?

आत्माराम : बोट नाही. सकाळी देवळात गेला होतात ना? जोरात गाऱ्हाणं घातलंत वाटतं माझ्यासाठी.

धाकू : घालायला उभा राहिलो रे. गावासाठी जल्मभर मागितलं, घसा कधी अडला नाय. आज आपल्या पोरासाठी मागायचं, तर माझीच दातखीळ बसली.

आत्माराम : काहीच बोलला नाहीत?

धाकू : एक शब्द नाय. नुसता उभा. शेवटी मागून तुझी आयच म्हणाली, 'व्हय म्हाराजा.'