तेविसाव्याच्या जागी

पुठ्ठा बदलून देतो, त्याचं काही नाही, पण तुम्ही विचारलंत ते वेगळं होतं ताई—हे वाचण्यासारखं आहे का, असंच विचारलंत ना? बाइंडरला असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. लोक विचारतात कधी मिळेल, पुठ्ठा काळा की लाल. आता विचारलंच आहे तर ऐका—नाही. अकराशे वीस पानं. स्वर्ग-पाताळ धरून नऊ लोक, त्यांचे सत्तर राजे, राजांच्या बायका, बायकांचे शाप, शापांचे उःशाप, आणि एका नागाला तर चौदा नावं—पान उलटलं की नवीन नाव, जसा काही नाग नाही, पोलिसांना चुकवणारा इसम. कोणाला वाचून दाखवणार म्हणालात? वडिलांना? हॉस्पिटलात? डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत—तीन आठवडे. अहो, तीन आठवड्यांत यातली पृथ्वीसुद्धा तयार होत नाही. पहिला प्रलय यायच्या आत तुमचा पेशंट जाईल. त्यापेक्षा पेपरातलं हवामान वाचून दाखवा. ते निदान संपतं तरी.

राग आला का? येऊ दे. खरं विचारलंत, खरं सांगितलं.

वाचलंय म्हणजे काय—तीनदा वाचलंय. बांधलंयच मी हे. पाचशे प्रती, याच हातांनी. लिहिणारा आमच्या छापखान्यात प्रुफं तपासायचा. पंडित म्हणायचो आम्ही त्याला, म्हणजे चिडवायला, पण त्याला ते खरंच वाटायचं. सहा वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर स्टूल ओढायचा आणि आदल्या दिवशी लिहिलेलं वाचून दाखवायचा. मी शिवतोय, तो वाचतोय. त्याच्या बायकोनं ऐकलं नसेल इतकं मी ऐकलंय. राणी उंबऱ्यापाशी येते ना, तिथे तिला लगेच बोलू देऊ नकोस, थांबव जरा—हे कोणी सांगितलं त्याला? मी. थांबवली त्यानं, चांगली दोन पानं थांबवली. सगळ्या पुस्तकात चांगलं तेवढंच आहे. म्हणजे, त्यातल्या त्यात.

मग छपाई झाली. फर्मे माझ्याकडे आले—फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, असे सत्तर फर्मे क्रमानं लावून शिवले की हे धूड तयार होतं. लावता लावता वाचायची मला सवय. विसाव्या फर्म्यात एक द्वारपाल निघाला. अंगठ्यावर खळ वाळलेली. वाचताना ओठ हलतात. राजा विचारतो, हा कोण? तर प्रधान काय म्हणतो—हा सगळं ऐकतो, म्हणून याला वाटतं याला कळतं. आणि अख्खा दरबार हसतो. सहा वर्षांत हे एक पान त्यानं मला वाचून दाखवलं नव्हतं. हे बघा, माझा अंगठा बघा. बघा ना. आहे का वाळलेली?

तर तेविसाव्या फर्म्याच्या जागी बत्तिसावा लागला. बत्तिसाव्याच्या जागी तेविसावा. मालकाला सांगितलं, आकडे उलटे वाचले, ढीग चुकून लागला. ढीग चुकला तर पाचशेच्या पाचशे चुकतात, हे मालकालाही माहीत. पण शिवताना प्रत्येक प्रत हाताखालून जाते ताई. प्रत्येक वेळी पानाचा आकडा डोळ्यांसमोर येतो. पाचशे वेळा आला.

गंमत म्हणजे कोणाला कळलं नाही. पेपरात आलं—लेखकानं काळ मागेपुढे खेळवला आहे. इतकं वाचतात लोक. कळलं ते त्याला एकट्याला, आणि तेही प्रकाशनाच्या समारंभात, माईकपुढे. राणी उंबऱ्यापाशी येते, थांबते, हा समोरच्या पानावर येतो, आणि तिची चिता पेटलेली. दोन ओळी वाचल्या त्यानं. मग थांबला. पाणी प्यायला. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यानं समोर बघितलं, पुस्तक मिटलं आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुसरा भाग लिहिणार होता. एक ओळ लिहिली नाही पुन्हा.

खोटं वाटतंय? थांबा, दाखवतो. तीनशे बावन्न, हे बघा, राणी उंबऱ्यापाशी, आता समोरचं पान, चारशे सत्त्याण्णव असणार—

तीनशे त्रेपन्न.

असं कसं. माझा दोरा नाही हा. ही शिवण माझी नाही, बघा, टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, शिकलेल्या हाताचं काम नाही हे. उसवून पुन्हा शिवलंय कोणीतरी. कोणी शिवलं? 

वडिलांनी. 

किती प्रती? विकल्या गेल्या त्या सोडून सगळ्या? घरी बसून?

म्हणजे तू—दुपारी डबा घेऊन यायचीस ती तू. एवढीशी होतीस, माझ्या कात्रणांच्या होड्या करायचीस. आल्या आल्या बोलली का नाहीस? बोलू दिलं नाही मी, बरोबर. चूक कोणाची म्हणून सांगितलं त्यानं? काहीच नाही? इतक्या वर्षांत एकदाही नाही?

आणि इथे तुला कोणी पाठवलं? पुठ्ठ्यासाठी नाही, ते कळलं मला.

काय म्हणाला तो—वाचण्यासारखं आहे का ते त्याला विचारून ये. तो हो म्हणाला तरच वाच. असं म्हणाला? माझंच नाव घेऊन?



उचल ते. पुठ्ठ्याला मी हात लावणार नाही. शिवण पक्की आहे, निघायची नाही. आणि तीनशे बावन्नला आलीस की लगेच पुढच्या पानावर जाऊ नकोस, जरा थांब, त्याला थांबलेलं कळलं पाहिजे—

नाही. त्याआधी तो द्वारपाल येतो, अजून तिथेच उभा आहे. वाचूच नकोस. नाही म्हणाला म्हणून सांग. आल्या आल्याच नाही म्हणाला, दोनदा विचारलं तरी नाहीच म्हणाला, असं सांग. जा आता. दार ओढून घे.