आधी प्लॉट दाखवा

…आन तो कंप्यूटर क्लासातला टायवाला वर मलाच म्हनतो, "मावशी, तुम्ही बाहेर बसा, ॲडमिशन सूनबाईंची आहे." का म्हनून बसू बाहेर? सून माझी, नगरपर्यंत एष्टीत उभी राहून आले मी, आन बसू बाहेर?

तुमाला सांगते, आमची सुकन्या घोडेगावात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करती. पुस्तकांचा मजकूर कंप्यूटरमधी एका मांडनीत असतो, तो दुसऱ्या मांडनीत घालायचा. एक्सएमएल म्हनत्यात त्याला. ही बया सगळं हातानं करायची, मान मोडेस्तवर. तर साहेब म्हनला, "मॅडम, प्रोग्रॅम लिहून करायला शिका. महिन्यात जमलं तर कायम करतो, नाही तर दुसरं माणूस बघतो." पोरगी दोन दिस धड जेवली न्हाई. आता मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळतं? पन कांद्याचं बी घेताना आमी काय करतो? दुकानदार कितीबी गोड बोलू दे, आमी म्हनतो, आधी प्लॉट दाखवा. ते बी ज्याच्या रानात उगवलंय त्याच्या बांधावर जाऊन उभं राहतो, मग पिशवीला हात लावतो. क्लासचं काय येगळं हाय?

तर टायवाल्याला इचारलं, एक्सएमएलचं शिकवता का? "आहे ना मावशी. टायपिंग आहे, टॅली आहे, फोटो एडिटिंग आहे, सगळं आहे." म्हनलं, हिला सगळं नको, एकच पायजे. ते तुमच्याकडं शिकून कामाला लागलेलं एक मानूस हितं उभं करा. आधी प्लॉट दाखवा. त्यानं सोनेरी काठाचं सर्टिफिकेट काढलं. म्हनलं, ही तर पिशवी झाली, पिशवीवरचं चित्र समद्यांचंच झ्याक असतं… उगवलेलं दाखव की. सुकन्या माझा पदर वढतीय, "आई, चला ना, आई…"

मग फोनवरचा कोर्स. ती बाई सुकन्याशी अशी बोलती, जनू सख्खी मावसबहीन. "मॅम, ऑफर आजच्या दिवसच आहे, दोनशे व्हिडीओ मिळतील." फोन घेतला हातात. म्हनलं, ताई, ते दोनशे बघून हुशार झालेलं एक पोरगं दाखवा. आधी प्लॉट दाखवा. "होल्ड करा हं मॅम." तवापासनं गानं वाजतंय… मी भाकरी थापल्या, म्हशीची धार काढली, गानं आपलं चालूच.

आठ दिस गेले असे. नवव्या दिवशी हेच शिकवनाऱ्या राहुरीच्या रुपाली मॅडमचा नंबर मिळाला. त्यांना बी तेच म्हनलं. तर म्हनल्या कशा, "प्लॉट? या की रविवारी, बघून जा."

घरातच क्लास, तीन पोरं. त्यातला आदिनाथ छापखान्यात कामाला. त्यानं बटन दाबलं, आन इकडचा गिचमिड मजकूर तिकडं पुस्तकासारखा वळीनं लागला. सुकन्याचे डोळे असे झाले… लग्नात बी न्हाई बघितले मी तसे. म्हनलं, हे झालं कसं? मॅडम म्हनल्या, "मावशी, कांदा निवडताना तुम्ही काय करता?" करायचं काय, मोठा दिसला की ह्या गोनीत, बारीक गोल्टी दिसली की त्या, जोड दिसला की घरच्या टोपल्यात. "बस, हेच हुकूम आधी लिहून ठेवायचे. निवडायला बसतो तो कंप्यूटर." व्हय का? म्हनलं, आन सडका दिसला तर? त्याचा हुकूम लिहिला का? आदिनाथनं मान खाली घातली. न्हवता लिहिला. ज्याला हुकूमच न्हाई ते तसंच मालात जातंय म्हनं, त्याच्या तिसऱ्या पानावर असलं एक वाक्य पडलंच हुतं बेवारस. मॅडम इतक्या हसल्या, चष्मा काढून पुसायला लागला त्यांना.

तिथंच नाव घातलं. पुढचे अठरा दिस सुकन्या कंप्यूटरपुढं आन मी चुलीपुढं. साहेबानं परीक्षेला तीनशे पानांचं पुस्तक दिलं, हिनं चहाला उकळी यायच्या आत फिरवलं. कायम झाली. माझ्या लेकानं, कल्याननं, आख्ख्या आळीत पेढे वाटले, आन मी अशी मिरवले जनू कारखान्याची चेअरमन.

दुसऱ्या दिवशी सुकन्या म्हनती, "आई, साहेब म्हणाले, छान झालं, आता ह्याच्या पुढचं शिका."

म्हनलं, "पुढचं अजून किती हाय?"

"ते संपत नसतं, आई."

म्हनलं, बरं. सोमवारी कितीच्या एष्टीनं निघायचं?