खळग्यातली माय

रूपा : हात सोड! कोन गं तू? माझं कोकरू आत ऱ्हायलं.

अनुसया : राहू दे. अक्का, परत त्या खळग्यात उतरू नको. मी अनशी हाय.

रूपा : अनशी माझी धाकटी भन. सात वर्सांची. आत्ताच तिला बाभळीखाली बसवून आले मी.

अनुसया : बसवलंस, व्हय. धा वर्सं झाली त्याला.

रूपा : येडी हाय का तू?

अनुसया : त्या दिशी सकाळी तू बाची भाकर कुत्र्याला घातलीस अन् मला आन घातलीस, कुनाला बोलू नको म्हनून. मी आजून बोलले न्हाई.

रूपा : …अनशे? तू माझ्याहून मोठी कशी झालीस?

अनुसया : आत येळ लई हळू जातो, अक्का. भाईर साल सरतं तवा आत अर्धं पाऊल पडतं. ते बघ तुझं कोकरू. उडी मारलेली, चारी पाय वर. गेल्या साली उडालं, आजून खाली आलं न्हाई.

रूपा : अन् त्याच्या मागं ती बाई?

अनुसया : नीट बघ.

रूपा : माय! माय हाय ती! हलून काहून नाही राहिली?

अनुसया : पळून राहिली ती. तू तीन वर्सं आत दगडावानी उभी दिसायचीस. गाव म्हनायचं भानामती हाय, कुनी हिकडं फिरकंना. माय रोज काठावर बसून हाका मारायची. एक दिस तिला ऱ्हावलं न्हाई, घुसली. सात वर्सं झाली.

रूपा : हाका न्हाई आल्या गं. माशी घोंगावल्यावानी व्हायचं नुसतं. अन् आत माझी वेनी कशाला तरी गुतली. मला वाटलं काटा. मी हिसका दिला अन् भाईर पळाले.

अनुसया : तिचाच हात व्हता.

रूपा : हासून राहिली ती.

अनुसया : तू निसटलीस ते तिला आजून कळलं न्हाई.

रूपा : मी जाते. घिऊन येते तिला.

अनुसया : अन् मी? तुमी दोघी भाईर येस्तोवर मी म्हातारी व्हईन. बाला काय सांगू? मिळाली अन् लगेच गेली?

रूपा : पन ती मला आतच हुडकत फिरंल!

अनुसया : व्हय. तिची घटकाभर, आपला जलम.

रूपा : मग मी हितं काठावर उभी राहते. तिला दिसंन.

अनुसया : तिची पापनी लवायला वरीस लागतं. तू कितीक उभी ऱ्हाशील?

रूपा : …दगड कितीक उभा ऱ्हातो?

अनुसया : म्हंजे?

रूपा : दगडं रचू. माझ्यायवढी पोरगी करू. माझं पोलकं घालू तिला. मायनंच शिवलंय, वळखंल ती.

अनुसया : अक्का, तू आजून पोरच हाईस, पन आमच्या कुनाच्या डोक्यात हे आलं न्हाई. घे, तो सपाट दगड उचल.

(सात वर्षांनी. १९४८ चा हिवाळा. तोच माळ, भर दुपार.)

अनुसया : रझाकार गेले, निजामाचं राज बी गेलं. बा म्हनून राहिला, अक्कानं आता तरी हा माळ सोडून वारंग्याला घरी यावं. अन् ते कुरुंद्याचं स्थळ?

रूपा : नको म्हनून सांगितलं. हितल्या दगडाच्या पोरीची फाटकी पोलकी कोन बदलनार? ते सोड. हिकडं यी. हितून बघ.

अनुसया : अगं बया. हासू गेलं तिचं.

रूपा : डोळे बघ.

अनुसया : दगडाच्या पोरीवर! अन् पाऊल… पाऊल बी भाईर वळलं, अक्का!

रूपा : आनखी धा-बारा वर्सं. तवर मी तिच्यायवढी व्हईन.

अनुसया : वळखंल का गं आपल्याला?

रूपा : न्हाई वळखायची.

अनुसया : मग काय सांगायचं तिला?

रूपा : आधी पानी द्यायचं. लई पळून आलेली आसंल.